आत्याचे गाणे आणि नवी पेटी

"आत्या, पेटी आणायला चाललोय," असे मी म्हणालो, तेव्हा तिने कोपऱ्यातल्या बाजाच्या पेटीकडे पाहिले. "का रे? ही बिघडली की काय?"

तिचा गैरसमज साहजिकच होता. मला हवी होती ती भात्याची पेटी नव्हे, तर ऑडिओ इंटरफेस नावाची, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आत्या ८१ वर्षांची. तिची भजने कुठल्याच वहीत उतरलेली नाहीत. म्हणून एकदा लॅपटॉपच तिच्यासमोर ठेवून ती मुद्रित केली. ऐकतो तो काय! आत्या कुठेतरी लांब, आणि छताचा पंखा मात्र अगदी कानाशी!

लॅपटॉपमधला मायक्रोफोन असतो तो बोलण्यापुरता. गाण्यासाठी वेगळा मायक्रोफोन लागतो, आणि त्याचा क्षीण विद्युत्‌प्रवाह वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करण्याचे काम ही नवी पेटी करते.

दुकानदाराने आठ मायक्रोफोनांची पेटी पुढे केली. पण आमच्याकडे गाणारी एक आणि साथीला एक. दोन जोडण्या पुरेत! दुकानात एवढेच विचारावे: मायक्रोफोनसाठी ४८ व्होल्टची सोय आहे ना? कंडेन्सर जातीला ती लागते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज पेटीतूनच, विलंब न होता, हेडफोनवर ऐकू येतो ना? आणि पेटीची वायर आपल्या लॅपटॉपला बसते ना?

मोठमोठ्या आकड्यांना मात्र भुलू नये. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मापे घेतात. घरच्या गाण्याला तेवढी भरपूर झाली. मुद्रण २४ बिटांवर ठेवावे, म्हणजे आवाजाची पातळी थोडी खाली ठेवूनही बारकावे हरवत नाहीत.

कंडेन्सर मायक्रोफोन नाजूक कानाचा. शेजारच्या कुकरची शिट्टीही तो टिपतो. रस्त्यावरच्या घरात डायनॅमिक जातीचा बरा. उरलेल्या पैशांत एक स्टँड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा. तंबोरा हेडफोनवर लावला, की तो गाण्यात मिसळत नाही.

आता फुकटातली युक्ती ऐका. फरशीच्या दिवाणखान्यात आवाज घुमतो. म्हणून कपड्यांनी भरलेले कपाट उघडून, मागे गोधडी टांगून, निजायच्या खोलीत बसावे. पंखा बंद. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित तिरका, म्हणजे 'प' आणि 'फ' यांचे फुत्कार त्यावर आदळत नाहीत. सर्वांत उंच स्वरालाही पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. शून्यापलीकडे आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज काही शिवता येत नाही!

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, ते भोंग्यासमोर गाऊन, जेमतेम तीन मिनिटांचे. तरी ते आज ऐकायला मिळते, कारण कोणीतरी ते तेव्हाच मुद्रित केले.

आमचे मुद्रण छान झाले. फक्त एका भजनात आत्या चार कडव्यांनंतर थांबली. गेल्या दिवाळीत ती पाच म्हणत होती. पाचवे तिला आठवेना, आणि आम्हां कुणालाच ते येत नव्हते.

भाऊबिजेला सारे घर जमेल. पेटी पुढच्या वर्षी कदाचित स्वस्त मिळेल. पण तोवर एखादे कडवे गेले, तर ते कोणत्या दुकानातून आणाल?