शिकागोच्या हिमवादळात दोन विहिणी

आमच्या टिळकवाडीच्या गल्लीत दर दोन घरांआड कुणी ना कुणी लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेलं आहे. निघताना सगळ्यांची चौकशी एकच, लोणचं चालतं का आणि मेतकूट नेऊ का. येताना विमानच रद्द झालं तर काय करायचं, हे कुणी कुणाला विचारत नाही. मीही २०२२ च्या डिसेंबरपर्यंत विचारलं नव्हतं.

माझी लेक इंडियानापोलिसला असते. जावई धारवाडचे, घरात कन्नड बोलणारे. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघी विहिणी मिळूनच गेलो होतो. मला २७ डिसेंबरच्या आत घरी पोचायचं होतं. त्या दिवशी पौष शुद्ध पंचमी, ह्यांचं पहिलं वर्षश्राद्ध. विहीणबाईंचं तिकीट खरं तर फेब्रुवारीचं. पण मला इंग्रजी जेमतेम, आणि वर्ष असं गेलेलं. त्यांनी न सांगता तिकीट बदलून घेतलं आणि माझ्या सोबतीला निघाल्या. पुढे जे झालं त्याचा भार माझ्या मनावर आहे, तो यामुळे.

वीस तारखेलाच विमान कंपनीचा निरोप आला होता. मोठं हिमवादळ येतंय, हवी असेल त्यांनी तारीख बदलून घ्यावी, जादा पैसे पडणार नाहीत. लेक म्हणाली, "आई, २१ लाच निघा." मी म्हटलं, सामान बांधायचं राहिलंय. विहीणबाई आपलं नेहमीचं म्हणाल्या, "अवसर माडब्याडरी, अक्का." घाई करू नका. नेमकी त्याच वेळी घाई करायला हवी होती. असा निरोप आला की तो गुळगुळीत जाहिरातीसारखा वाचून बाजूला टाकू नये. वादळाआधी जागा मिळतात, वादळ आल्यावर हजारो माणसं त्याच जागांसाठी रांगेत असतात.

२२ ला दुपारी छोट्या विमानाने आम्ही शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरलो. पुढचं विमान रात्रीचं, युरोपमार्गे बंगळूरला. फलकावर आमच्या ओळीपुढे आधी एक तास उशीर, मग तीन तास, मग लाल अक्षरांत रद्द. बाहेर पाहिलं तर बर्फ फार नव्हता. मला वाटलं, एवढ्याशासाठी विमान रद्द? रांगेत आमच्या पुढे हैदराबादचा एक मुलगा होता, त्याने समजावून सांगितलं. पंखावर बर्फाचा पातळ थर जरी राहिला तरी पंखावरून वाहणारी हवा बिघडते आणि विमान नीट उचललं जात नाही. म्हणून आधी ग्लायकॉलचं गरम पाणी फवारून बर्फ काढतात, मग नवा धरू नये म्हणून हिरवट, दाट द्रावण मारतात. त्याचा असर ठरावीक मिनिटंच टिकतो. तेवढ्यात उड्डाण झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात त्या रात्री तापमान शून्याखाली २२ अंशांपर्यंत उतरलं होतं आणि वर बोचरा वारा. सामान चढवणारी माणसं अशा हवेत थोडा थोडा वेळच बाहेर काम करू शकतात. शिवाय वैमानिकांचे कामाचे तास कायद्याने बांधलेले. वाट पाहण्यातच ते संपले की विमान तयार असूनही माणूस नसतो. एकच विमान दिवसाला चार-पाच गावं करतं, त्यामुळे एका गावी अडकलं की पुढच्या सगळ्या गावांना त्याचा फटका.

दुसऱ्या दिवशी, २३ तारखेला, अमेरिकेत पाच हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो भागात तर चाळीसहून अधिक माणसं दगावली आणि तिथला विमानतळ कित्येक दिवस बंद राहिला. त्यापुढे आमची अडचण काहीच नव्हती. पण त्या रात्री आम्हाला ती काहीच नाही असं वाटत नव्हतं.

विहीणबाईंना साखरेचा आजार, रोज रात्री इन्सुलिन. इन्सुलिनची पेनं त्यांनी मोठ्या बॅगेत ठेवली होती, कारण तपासणीत द्रव पदार्थ काढून घेतात असं त्यांनी ऐकलं होतं. बॅग थेट बंगळूरची चिठ्ठी लावून गेलेली. खिडकीवरच्या बाईने नम्रपणे सांगितलं, बॅग आज बाहेर काढता येणार नाही, तुमच्याच विमानाने येईल. विमानतळावरच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या मिळत होत्या, इन्सुलिन नाही. बोट टोचायचं यंत्र तेवढं पर्समध्ये होतं. रात्री नऊला आकडा साडेतीनशेच्या वर. त्या हसून म्हणाल्या, "काही होत नाही अक्का, मी कडक भाकरी तेवढी खाते." मला मात्र घाम फुटला होता. ही बाई माझ्यासाठी इथे आली होती.

मैत्रिणींनो, इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायचं. तपासणीत सांगितलं की औषधाला सूट मिळते, त्याच्याबरोबरच्या बर्फाच्या पिशवीलाही. मोठ्या बॅगेत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ दिसलं तरी कामाचं नसतं. बॅग धावपट्टीशेजारी उघड्या गाडीत तासभर पडली असेल तर त्या थंडीत काय होईल, याचा विचार करा. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठीही हाताशी हवी.

तिकडे लेकीने तीन कामं एकदम सुरू केली. फोनवर डॉक्टर गाठला, त्याने विहीणबाईंशी बोलून औषधाची चिठ्ठी थेट हॉटेलजवळच्या औषधाच्या दुकानात पाठवली. दुसऱ्या फोनवर जावई विमान कंपनीशी. अमेरिकेतल्या क्रमांकावर दोन तासांची रांग होती, त्यांनी कंपनीच्या भारतातल्या क्रमांकावर फोन लावला आणि वीस मिनिटांत माणूस भेटला. मी आपली खिडकीच्या रांगेत. तिथे टोरांटोमार्गे जागा मिळत होती, मी हो म्हणणारच होते. जावई फोनवरून ओरडले, "अत्ते, बेडा! कॅनडाचा व्हिसा लागतो." नुसतं विमान बदलायलासुद्धा आपल्याला तो लागतो. ती जागा घेतली असती तर तिथे चढूच दिलं नसतं. शेवटी २५ च्या संध्याकाळचं विमान मिळालं.

हॉटेलचा खर्च आमचा. हवामानामुळे रद्द झालं तर अमेरिकेत राहण्या-जेवण्याची जबाबदारी कंपनीवर कायद्याने येत नाही, सवलतीच्या दराची चिठ्ठी मात्र मागितल्यावर मिळते. युरोपातल्या विमानतळावरून निघताना अडकलात तर हवामान कारण असलं तरी जेवण आणि निवारा द्यावाच लागतो. तिथे भरपाई मिळत नाही, पोटाची सोय होते. अमेरिकेत विमान रद्द झालं आणि तुम्ही दुसरं घेतलं नाहीत, तर पैसे परत मिळतात, कारण हवामान असो की काहीही. २०२४ च्या नियमाने परदेशी प्रवासात सहा तासांहून अधिक उशीर झाला तरी प्रवास नाकारून पैसे मागता येतात.

बंगळूर ते सांबऱ्याचं तिकीट मात्र आम्ही स्वस्त पडतं म्हणून वेगळं काढलं होतं. ते गेलं. पहिलं विमान चुकलं हे त्या दुसऱ्या कंपनीच्या हिशेबी आमचं आम्ही बघायचं. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असता तर पुढची सोय त्यांनीच केली असती. वाचवलेल्या पैशांच्या चौपट गाडीला गेले.

रात्री अकराला, हॉटेलच्या व्हॅनने, नवीन पेन हातात पडलं. भाव ऐकून विहीणबाई म्हणाल्या, यात धारवाडला वर्षाचं येईल. टोचून घेतलं आणि पाच मिनिटांत घोरू लागल्या. मी तासातासाला उठून त्यांचा श्वास बघत होते. पहाटे आकडा दोनशेच्या खाली आला तेव्हा डोळा लागला. पुढचे दोन दिवस आम्ही त्या खोलीत शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर काढले. त्या कन्नड मालिका फोनवर लावायच्या, मी ह्यांच्या आठवणी सांगायची. वर्षभरात एवढं मी कुणाशी बोलले नव्हते.

२७ च्या पहाटे दीडला बंगळूरला उतरलो. बॅगा आल्या नव्हत्या. पट्ट्यापाशीच तक्रार लिहून पावती घेतली; उशिरा आलेल्या बॅगेबद्दल नंतर भरपाई मागायची तर बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी कळवावं लागतं. तीनला मुलाने पाठवलेल्या गाडीत बसलो. चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी. साडेदहाला विहीणबाईंना धारवाडला सोडलं. चहालासुद्धा थांबू दिलं नाही त्यांनी, "होगरी, होगरी" करत दार लावून घेतलं. बाराच्या सुमाराला मी घरी. भटजी ओटीवर बसले होते, अजून संकल्प व्हायचा होता. मी तशीच आंघोळीला गेले.

विहीणबाईंची बॅग ३० तारखेला धारवाडला पोचली. आतली पेनं फेकून दिली, असं त्यांनी फोन करून सांगितलं. मग विचारलं, पंचमीला जेवायला किती पानं होती.