भंगार आणि भांगर

माझी मातृभाषा कोकणी. आमच्या घरी 'भांगर' म्हणजे सोने. लहानपणी आम्ही बेळगावास राहावयास आलो, तेव्हा एके सकाळी रस्त्यावरून 'भंगाऽर' अशी खणखणीत आरोळी कानी आली. हातगाडीवर सोने घेऊन फिरणारा हा कोण धनिक, म्हणून मी धावतच बाहेर गेले. पाहते तो गाडीवर गंजका पत्रा, फुटकी बादली आणि वह्यांची रद्दी! जुन्या मराठीतही 'भांगार' हा शब्द सोने या अर्थी येतो, हे मला पुढे शिकताना कळले.

ही आठवण गेल्या उन्हाळ्यात पुन्हा जागी झाली. निपाणीचा एक माजी विद्यार्थी घरी आला. त्याच्या वडिलांनी तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर राबून पाच लाख रुपये गाठीस बांधले होते. एका कंपनीची भंगार-संकलनाची 'फ्रँचायझी' घेण्यात ते घालावे, असा त्याचा बेत होता. "बाई, भंगाराचे सोने होते म्हणतात, खरे का?" असे त्याने विचारले. त्याला जे सांगितले, तेच विद्यार्थिमित्रांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी येथे थोडे विस्ताराने लिहिते.

फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याच्या नावाने व पद्धतीने व्यापार करण्याचा परवाना. परवाना घेणारा आरंभी एक रक्कम भरतो आणि पुढे विक्रीचा ठराविक हिस्सा कंपनीस देत राहतो. त्याबदली त्याला नाव, जाहिरात, शिक्षण व कामाची रीत मिळते. या धंद्यातील प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. ब्रायन स्कुडामोर या तरुणाने १९८९ मध्ये व्हँकुव्हर शहरी ७०० डॉलरांची एक जुनी मालमोटार घेऊन लोकांची अडगळ वाहून नेण्यास प्रारंभ केला. त्यातूनच 'वन-एट-हंड्रेड-गॉट-जंक' ही कंपनी उभी राहिली आणि १९९९ पासून ती इतरांस परवाने देऊ लागली.

परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. त्या देशांत घरातील अडगळ न्यावी म्हणून घरमालकच पैसे मोजतो. आपल्याकडे रीत नेमकी उलट आहे. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडे देते. कासार जुन्या भांड्याची मोड वजनावर घेतो. भंगारवाला रद्दीचे पैसे आपल्या हातावर ठेवतो. तिकडे जो माल पैशासह येतो, तो येथे पैसे देऊन विकत घ्यावा लागतो.

या भेदाचा परिणाम साध्या अंकगणितानेही कळेल. समजा, एका महिन्यात ८५,००० रुपयांचे भंगार घेतले आणि १,००,००० रुपयांस विकले. हाती उरले १५,०००. कंपनीचा हिस्सा विक्रीच्या शेकडा ८ असेल, तर ८,००० रुपये तिला गेले. उरलेल्या ७,००० रुपयांत टेम्पोचे डिझेल, हमाली, जागेचे भाडे आणि संसार! विक्रीवर शेकडा आठ हा आकडा लहान दिसतो. पण नफ्याशी ताडून पाहिल्यास तो निम्म्याहून अधिक भरतो. म्हणून हिस्सा कशावर आकारला जाणार, विक्रीवर की नफ्यावर, हा पहिला प्रश्न होय.

मग भंगारात मोल येते कोठून? ते येते निवडीतून. लोहचुंबक लावताच लोखंड चिकटते. तांबे, पितळ व अ‍ॅल्युमिनिअम चिकटत नाहीत. पुढे रंग, वजन आणि खणखणाट यांवरून जाणता माणूस धातू ओळखतो. मिसळलेल्या ढिगास हलका भाव मिळतो, निवडलेल्या मालास चांगला. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरजवळ शिरोली व गोकुळ शिरगाव येथे ज्या फौंड्र्या आहेत, त्यांच्या भट्ट्यांत जुने बीड वितळून त्यातून यंत्रांचे नवे भाग ओतले जातात. अशा मालात एखादा बंद डबा किंवा पाणी राहिलेला नळीचा तुकडा गेला, तर भट्टीत स्फोट होऊन माणसे दगावू शकतात. निवडीची ही जबाबदारी अशी जिवाशी गाठ घालणारी आहे. आणि तिचे फळही मोठे आहे: खनिजापासून अ‍ॅल्युमिनिअम करण्यास जी ऊर्जा लागते, तिच्यापैकी शेकडा ९५ च्या आसपास ऊर्जा जुने अ‍ॅल्युमिनिअम वितळून वापरल्याने वाचते.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. अमेरिकेत परवाना विकणाऱ्या कंपनीस आपली सर्व माहिती लेखी स्वरूपात, करारावर सही होण्यापूर्वी निदान १४ दिवस, ग्राहकाच्या हाती द्यावी लागते. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. असे व्यवहार मुख्यतः १८७२ च्या करार कायद्याखाली येतात. तेव्हा जे विचारावयाचे ते आपणच सहीपूर्वी विचारले पाहिजे. आपल्या सीमाभागात आणखी एक गाठ आहे. निपाणीस बेळगावाहून कोल्हापूर जवळ. म्हणून माल तिकडे नेण्याचा मोह साहजिक आहे. पण मध्ये राज्याची सीमा लागते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या एका मर्यादेपर्यंत जीएसटी नोंदणीची सवलत असते. राज्याबाहेर माल विकणाऱ्यास सामान्यतः ती मिळत नाही. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का हवा. जुने संगणक, भ्रमणध्वनी व शिशाच्या बॅटऱ्या कोठेही फोडता येत नाहीत. त्या नोंदणीकृत कारखान्याकडेच गेल्या पाहिजेत.

नाव विकत न घेताही नाव मिळवता येते, याचे उदाहरण पुण्यात आहे. तेथील कचरावेचकांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांच्या मालकीची सहकारी संस्था जन्मली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. दारोदार कचरा गोळा करण्याच्या सेवेबद्दल घरे मासिक शुल्क देतात आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे वेचकांना मिळतात. म्हणजे सेवेचे मोल मागण्याची रीत आपल्याकडेही रुजू शकते. मात्र तेथे ते मोल श्रम करणाऱ्याच्याच पदरी पडते.

असो. त्या विद्यार्थ्याने कंपनीस चार प्रश्न लिहून पाठविले. हिस्सा कशावर? माल कोण घेणार आणि कोणत्या भावाने? करार मोडल्यास आरंभीची रक्कम परत मिळेल काय? आणि पूर्वी परवाना घेतलेल्या दोन-तीन माणसांची गाठ घालून द्याल काय? पहिल्या तिहींची उत्तरे आली. चौथ्याचे आले नाही. वडिलांचे पैसे अजून बँकेतच आहेत. तो सध्या गावातील एका भंगारवाल्याकडे काट्यावर बसतो आणि धातू ओळखावयास शिकतो. परवा भेटला तेव्हा त्याचे हात काळे होते. म्हणाला, "बाई, आता डोळे मिटूनही पितळ ओळखतो."

पुढे तो परवाना घेईल की स्वतःचे दुकान थाटील, हे त्याचे त्याने ठरवावे. कोणाचेही नाव पैसे देऊन घेता येते. पारख मात्र स्वतःच कमवावी लागते. भंगार आणि भांगर यांच्यात अंतर आहे ते तेवढेच. आपल्या दारावरून 'भंगाऽर' अशी आरोळी जाते, तेव्हा त्या आवाजामागे ही पारख उभी असते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. आणि रद्दी देताना ती कोरडी व नीट निवडून द्यावी.