‘पित्त झाले’ म्हणण्यापूर्वी

छातीच्या हाडाखालच्या खळग्यात दुखू लागले की आपल्याकडे निदान घरच्या घरीच होऊन जाते. ‘पित्त झाले’ असे म्हणून कोणी सोडा घेतो, कोणी कोकमाचे सरबत घेतो, कोणी ओवा चघळतो. पुष्कळदा त्याने बरेही वाटते. परंतु या एका शब्दाच्या पांघरुणाखाली चार-पाच निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि त्यांतील एखादे तासाभरात जिवावर बेतणारे असते. म्हणून या शब्दाची थोडी फोड करावी, असे आम्ही योजिले आहे.

आधुनिक वैद्यक ज्याला पित्त म्हणते तो रस यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि स्निग्ध अन्नाच्या पचनास साह्य करतो. घशाशी येऊन जळजळ करते ते बहुधा जठरातील आम्ल होय. हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, असे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली दाखवून दिले. आयुर्वेदातील पित्ताची कल्पना याहून व्यापक आहे. तरीही माधवनिदानात अम्लपित्ताचा विचार वेगळा आहे, आणि अन्न पचत असताना उठणाऱ्या परिणामशूलाचा वेगळा. सारी पोटदुखी एकाच नावात कोंबण्याची सवय जुन्या वैद्यांची नव्हे, आपली आहे.

दुखणे कोठे, केव्हा आणि कशाने वाढते, हे पाहिले तर पुष्कळ उलगडा होतो. जेवून आडवे होताच छातीत जळजळ होत असेल, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडून आम्ल वर येत असावे. रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री दुखते व चार घास खाल्ले की थांबते, तेव्हा पक्वाशयातील व्रणाची शंका येते. तळलेले, तुपकट जेवण झाल्यावर उजव्या बरगडीखाली कळ उठून खांद्याच्या पात्याकडे जात असेल, तर पित्ताशयातील खडे आठवावेत. आणि मद्यपानानंतर पोटातून थेट पाठीत आरपार जाणारी, उलट्यांसह येणारी असह्य वेदना ही स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. ही लक्षणे वैद्यास मार्ग दाखवतात. अखेरचा निर्णय तपासणीनेच होतो.

व्रणांविषयी फार दिवस अशी समजूत होती की ते काळजीने व तिखटाने होतात. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन या दोघा डॉक्टरांनी जठरात राहणारा एक वळणदार जंतू वेगळा वाढवून दाखविला. लोकांना पटेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. आपल्या देशात त्याची लागण पुष्कळांना असते. परंतु व्रण थोड्यांनाच होतो, आणि नेमक्या औषधांनी बहुधा तो बराही होतो. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे गुडघेदुखी-डोकेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या.

मग आपली नाशकाची मिसळ निर्दोष ठरली काय? व्रण उत्पन्न केल्याच्या आरोपातून ती सुटते. मात्र जळजळ होणाऱ्याने तर्रीची हाव धरू नये. खरे अपराधी वेगळेच आहेत. सकाळपासून उपाशीपोटी घेतलेले चहाचे पेले, तंबाखू व मिश्री, रात्री दहा-अकराला भरपेट जेवून लगेच अंथरूण गाठणे, आणि वाढते पोट. उपासाच्या दिवशी दिवसभर चहा आणि रात्री तुपात निथळणारी खिचडी, हीही जठराची परीक्षाच. नाशकाची द्राक्षे फळ म्हणून खावीत. त्यांचे मद्य झाले की यकृत व स्वादुपिंड त्यात सवलत देत नाहीत. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, तंबाखू सोडणे, थोडे वजन उतरविणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटाच्या याच खळग्यात दुखतो. मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात तो असा वेष पालटून येण्याचा संभव अधिक. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना पोटात वर दाटून येते आणि थांबले की ओसरते, तर ते ‘गॅस’ समजून सोडून देऊ नये. त्याच्या जोडीला घाम, धाप, जबडा किंवा डावा हात दुखणे असेल, अथवा बसल्या जागी दुखणे थांबतच नसेल, तर सोड्याचा प्रयोग करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी होणे, हीही तातडीची सूचना. गिळण्यास अडचण, कावीळ, विनाकारण वजन घटणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले व न हटणारे दुखणे, यांतही विलंब नको.

बाकीच्यांनी एक साधी वही करावी. पंधरा दिवस दुखण्याची वेळ, जागा, त्यापूर्वी काय खाल्ले व कोणती गोळी घेतली, एवढे टिपावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘पित्त झाले’ या दोन शब्दांपेक्षा ती त्यांना कितीतरी अधिक सांगेल.