शेवटच्या घरापर्यंत वीज पोहोचते का?

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य होते. विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते आणि केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये याच काळात स्थापन झाले. आज वस्त्यांमधल्या विहारांवर, अभ्यासिकांवर सौर पॅनेल बसत आहेत. त्यामागचा हिशेब आपल्या कार्यकर्त्यांनीही समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

पॅनेल आणि बॅटरी डीसी वीज देतात. महावितरणची वीज एसी, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. एलईडी दिवे आतून डीसीवर चालतात, पाण्याचा पंप बहुधा एसीवर. दोन्ही जाळी कन्व्हर्टरने जोडली की एसी-डीसी मायक्रोग्रिड तयार होते. कन्व्हर्टरमधून जाताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते.

या जाळ्यात वीज कुठून कुठे किती वाहील, हे आधी कागदावर मांडता येते. नियम साधा आहे: प्रत्येक जोडावर जितकी वीज येते तितकीच बाहेर पडते.

एक उदाहरण घेऊ. विहारापासून ५० मीटरवर ४८० वॉटचा भार आहे आणि तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची आहे. ४८ व्होल्ट डीसीवर साधारण १० अँपिअर प्रवाह लागतो आणि जाऊन-येऊन १०० मीटर तारेत सुमारे ७ व्होल्ट गळतात. २३० व्होल्टवर तेवढ्याच भाराला दीड व्होल्टच गळतो. शिवाय व्होल्टेज घटले की बरीच उपकरणे जास्त प्रवाह ओढतात, त्यामुळे गळती आणखी वाढते. म्हणून उत्तर एका फटक्यात निघत नाही. अंदाज धरून, तो सुधारत पुन्हा पुन्हा गणित करावे लागते. संगणक हे काम बहुधा न्यूटन-रॅफसन पद्धतीने करतो.

महावितरणची वीज गेली की तूट भरून काढणारा मोठा आधारही जातो. मग अनेक मायक्रोग्रिडमध्ये भार वाढताच एसी बाजूची फ्रिक्वेन्सी आणि डीसी बाजूचे व्होल्टेज थोडे खाली येऊ देतात. ते पाहून कन्व्हर्टर कुठली बाजू अडचणीत आहे हे ओळखतो आणि तिकडे वीज वळवतो. हिशेबात ही स्थितीही धरावी लागते.

म्हणून वर्गणी गोळा करण्याआधी कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा. शेवटच्या घरी व्होल्टेज किती राहील? कन्व्हर्टरमध्ये किती वीज जाईल? वीज गेल्यावर काय चालू राहील? सरासरी चांगली दाखवून भागत नाही. शेवटच्या घरातल्या मुलीला रात्री पुस्तक वाचता आले, तरच ती योजना वस्तीची.