ठिपके दिसण्याआधी

कोळंबीच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसू लागले, की तळे वाचवण्याची वेळ बहुधा टळलेली असते. 'व्हाइट स्पॉट' विषाणूचा उद्रेक झाला, तर तीन ते दहा दिवसांत जवळपास सगळी कोळंबी मरू शकते. पूर्व आशियातून पसरत आलेल्या या रोगाने १९९४च्या सुमारास आंध्र-तमिळनाडूतली टायगर कोळंबीची शेती झोपवली. २००९पासून रोगमुक्त जनकांपासून वाढवलेली व्हेनामी जातीची कोळंबी आली, उत्पादन वाढले. विषाणू मात्र मुक्कामालाच राहिला.

यावर औषध नाही. कोळंबीच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे तयार होत नाहीत, त्यामुळे ती शोधून निदान करण्याची वाटही बंद. शोधायचा तो थेट विषाणूच. कोविडने घरोघरी पोचवलेली पीसीआर चाचणी इथे कामी येते. विषाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा ती कोट्यवधी पटींनी वाढवते, म्हणून वरून धडधाकट दिसणाऱ्या कोळंबीतलाही विषाणू सापडतो.

पण नमुना चुकला तर यंत्र काय करणार? कोळंबीच्या डोळ्यांतले घटक पीसीआरमध्ये अडथळा आणतात, तिच्या पाचकग्रंथीतही हा विषाणू नीट सापडत नाही. म्हणून कल्ले किंवा पोहण्याचे पाय घेतात. पायाचा तुकडा घेतला तरी जनक मादी जगते.

दुसरा प्रश्न संख्येचा. लाखभर बीजात शंभरातली दोनच पिल्ले बाधित असतील आणि तपासायला दहाच उचलली, तर शंभरपैकी ऐंशीहून अधिक वेळा अहवाल 'निगेटिव्ह' येईल. दीडशे उचलली, तर ही चूक पाच वेळांवर येते. कोकणातल्या खाजणात तळी असलेल्यांनाही बीज बहुतेक पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचरींतून आणावे लागते. त्यांनी हॅचरीच्या दाखल्यावर निकालाबरोबरच किती पिल्ले तपासली, हेही पाहावे.

बीज सोडण्याआधी अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, तर ते नाकारता येते. तळ्यात रोग निघाला, तर विक्रीजोगी कोळंबी लगेच काढायची. पाणी मात्र क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडायचे नाही. खेकडेही विषाणू वाहून नेतात, म्हणून बांधावर जाळीचे कुंपण हवे. शेजारच्या तळेवाल्याला त्याच दिवशी कळवावे. तोही त्याच खाडीचे पाणी उपसत असतो.