पस्तीस दिवसांनंतरचं काम

मुंबईचा पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिकचा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता ठाण्यातल्या माजिवड्याला एकत्र येतात. जुनं गावठाण, कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, ट्रकवाले, रिक्षावाले, मॉलमध्ये उशिरापर्यंत राबणारी मुलं, सगळे इथे शेजारी शेजारी नांदतात. कुणाचा नवरा रोज 'बसतो', कुणाचा मुलगा काय ओढतो, हे आजूबाजूला सगळ्यांना ठाऊक असतं. बोलत कुणी नाही. व्यसनमुक्तीवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा या न बोलणाऱ्या घरांच्या उपयोगी पडेल असं लिहायचं मी ठरवलं. शोध घेत गेले आणि पुण्याच्या 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रापाशी थांबले.

मुक्तांगणचा इतिहास अनेकांना माहीत आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, शहरांतल्या तरुण पोरांना गिळू लागली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि त्यांच्या देणगीतून 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. ठाण्याशीही त्याचं नातं आहे. मुक्तांगणच्या जडणघडणीत सहभागी असलेल्या डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' उभी केली.

मला खिळवून ठेवलं ते अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्या कामाने. त्या मनोविकारतज्ज्ञ. व्यसनी माणसाला चोप द्या, कोंडून घाला, ही समाजाची रीत त्यांनी दाराबाहेर ठेवली. व्यसन हा आजार आहे, आणि आजाऱ्याला कुणी शिव्या देत नाही. इथे येणारा 'रुग्णमित्र' झाला. बरे झालेल्यांतूनच कार्यकर्ते घडले. 'मी तसा नाही' असं म्हणणाऱ्यासमोर तोच खोटेपणा स्वतः जगलेला माणूस बसला, की थापा फार काळ टिकत नाहीत. कर्करोगाशी झुंजत अनिताताईंनी हे काम केलं आणि 1997 मध्ये त्या गेल्या. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा घेतली.

मुक्तांगणमधला मुक्काम पस्तीस दिवसांचा. सुरुवात शरीरापासून होते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावून बसलेला असतो. दारू एकदम थांबली, की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस ओळखेनासा होतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततं. म्हणून रोज पिणाऱ्याने 'उद्यापासून बंद' अशी शपथ घरात घेऊ नये. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीची, योग्य औषधांची आणि बी-1 जीवनसत्त्वाची गरज असते. पुढचे दिवस मनाचे: गटचर्चा, समुपदेशन, योग, संगीत, अंगमेहनत.

मग माणूस घरी येतो, आणि माझ्या मते संस्थेचं सगळ्यात चिवट यंत्र तिथे सुरू होतं. त्याचं नाव फॉलोअप. शरीर स्वच्छ झालं तरी मेंदू शिकलेलं विसरत नाही. तोच नाका, तोच मित्र, पगाराचा दिवस, बायकोशी झालेलं भांडण, यांतलं काहीही तलफ जागी करतं. म्हणून ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, घरच्यांनाही आणायचं, महिना कसा गेला ते सर्वांसमोर सांगायचं. व्यसनाशिवाय वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस साजरा करायचा. पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे, कारण वर्षानुवर्षं कर्ज, मार आणि बदनामी झेललेल्या बाईलाही बरं व्हायचं असतं. पाय घसरलेल्याला दार बंद नाही. घसरण हा आजाराचाच भाग मानून नव्याने सुरुवात होते.

पण तिथवर पोचतात किती? 'एम्स'च्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही मदत मिळाल्याचं आढळलं. पहिली अडचण म्हणजे व्यसन उशिरा ओळखलं जातं. डॉक्टरांचे चार प्रश्न त्यासाठी सोपे आहेत. पिणं कमी करावं असं वाटलं का? कुणी त्यावर बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन उत्तरं 'हो' आली, तर डॉक्टर गाठावा. नोकरी शाबूत आहे, म्हणजे व्यसन नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी अडचण भिंतींवर चिकटलेली असते: 'न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात. हताश बायका त्या जाहिरातीतली पूड भाजीत मिसळतात. तीत डायसल्फिराम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. तिसरी अडचण मारहाण करणाऱ्या केंद्रांची. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या उपचारांनाही लागू आहे. केंद्राची नोंदणी झालेली असावी लागते, रुग्णाला साखळीने बांधणं गुन्हा आहे. भरती करण्याआधी नोंदणी आणि डॉक्टर दोन्हींची चौकशी कराच. आणि स्त्रिया? पुरुषाचं पिणं लोक खपवून घेतात, बाईचं लपवतात. त्यांच्यासाठी मुक्तांगणने 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढला. अशा जागा फार थोड्या आहेत.

सगळ्यात मोठी काळजी मात्र फॉलोअपचीच. रोजंदारीवरच्या माणसाला सुट्टी घेऊन, भाडं भरून बैठकीला जाणं परवडत नाही. भरतीसाठी कर्ज काढणारं घर नंतरच्या बैठकांना 'आता बरा आहे की' म्हणत टाळाटाळ करतं. हे यंत्र आपल्या वस्तीत आलं पाहिजे. माजिवड्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत, मंडळाच्या कार्यालयात महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी मोकळी ठेवणं अवघड नाही. तोवर केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. घरात कुणी अडकलं असेल, तर त्याच्या होकाराची वाट न पाहता तुम्ही आधी फोन करा.