व्हिडिओ पोहोचला, पण ट्रॅक्टर कोणी काढले?

सोशल मीडियामुळे आंदोलन उभं राहतं म्हणणारे आणि त्यानेच ते बिघडतं म्हणणारे, दोघेही मोबाइलला जरा जास्तच मान देतात. २६ जानेवारी २०२१ ला ट्रॅक्टर मोर्चातले काही गट लाल किल्ल्यात शिरले आणि कृषी कायद्यांविरोधात दिल्लीच्या सीमांवर चाललेलं शेतकरी आंदोलन संपल्यातच जमा झालं. २८ तारखेला गाझीपूर सीमेवर पोलिसांचा फौजफाटा जमलेला असताना शेतकरी नेते राकेश टिकैत कॅमेऱ्यापुढे रडले. तो व्हिडिओ रातोरात पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावांत पोहोचला, दुसऱ्या दिवशी मुझफ्फरनगरला महापंचायत भरली आणि लोक गाझीपूरकडे निघाले. ही सारी फोनची करामत असती, तर २९ च्या रात्रीपासून दोन दिवस सिंघू, टिकरी आणि गाझीपूर या सीमांवर इंटरनेट बंद झाल्यावर गर्दी ओसरायला हवी होती. ती वाढली. निरोप व्हिडिओने दिला. घरटी माणूस पाठवायचं ठरलं ते खाप, भावकी आणि किसान युनियनच्या जुन्या जाळ्यात.

आंदोलकांना हे पक्कं ठाऊक होतं. विरोधातल्या बातम्यांना उत्तर देण्यासाठी त्यांनी डिसेंबर २०२० मध्येच ‘किसान एकता मोर्चा’ या नावाने सोशल मीडियावर पान आणि चॅनल काढलं. पण त्याच डिसेंबरात ‘ट्रॉली टाइम्स’ हे पंजाबी-हिंदी छापील पत्रही सुरू केलं. ती दूरदृष्टीच ठरली. २० डिसेंबरला फेसबुकने त्यांचं पान काही तास उतरवलं, १ फेब्रुवारीला ट्विटरने सरकारच्या सांगण्यावरून सुमारे अडीचशे खाती रोखली. दुसऱ्याच्या ओसरीवर भरलेली सभा मालक केव्हाही उठवू शकतो.

यावर हाँगकाँगचा दाखला हमखास दिला जातो. २०१९ मध्ये तिथल्या आंदोलनाला ठळक नेता नव्हता. पुढे काय करायचं यावर टेलिग्रामवर मतदान व्हायचं, आणि तरीही सरकारला प्रत्यार्पण विधेयक मागे घ्यावं लागलं. हे खरंच आहे. मात्र जूनमधले विराट मोर्चे एका जुन्या नागरी आघाडीने बोलावले होते, हे सहसा सांगितलं जात नाही. शिवाय बाकीच्या मागण्यांवर वाटाघाटीला बसेल, शब्द देईल-घेईल असं कोणी नव्हतं. जून २०२० मध्ये तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, तेव्हा अनेकांनी आपली खातीच पुसून टाकली. इकडे भारतात १९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली, तरी शेतकरी संघटनांच्या संयुक्त किसान मोर्चाने बाकीच्या मागण्यांवर सरकारचं लेखी पत्र ९ डिसेंबरला हाती येईपर्यंत तंबू हलवले नाहीत.